नवग्रह, नक्षत्रे आणि वनौषधी : श्रद्धा, निसर्ग व आरोग्य

पुराणांमध्ये नंदनवन हे देवराज इंद्राच्या उपवनाचे नाव आहे. मंदार, पारिजात, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन असे पाच देववृक्ष स्वर्गात असल्याचे अमरकोशात सांगितले आहे. सत्यभामेच्या इच्छेखातर भगवान श्रीकृष्णांनी स्वर्गातील पारिजात पृथ्वीवर आणला, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. नागपूरच्या पूर्व भागातील आपल्या वस्तीला तेच नाव लाभले आहे. येथे कल्पवृक्ष नाही. परंतु अंगणात पारिजातक आहे, देवळामागे पिंपळ आहे, मोकळ्या जागेत कोणीही न लावता उगवलेली रुई आणि आघाडा आहे. शास्त्रकारांनी या साध्या झाडांनाच ग्रहांच्या आणि नक्षत्रांच्या पंक्तीत बसविले आहे.

देवस्थानात येणारे अनेक भाविक विचारतात, "आमच्या मुलाच्या नक्षत्राचा वृक्ष कोणता? शनीसाठी कोणती समिधा? ही वनस्पती घेतल्याने आजार बरा होईल का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परंपरेत स्पष्ट आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र विवेक बाळगावा लागतो, कारण त्या उत्तरावर एखाद्याचे प्राण अवलंबून असू शकतात. या तिन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार भाविकांपुढे ठेवावा, या हेतूने हे विवेचन येथे देण्यात येत आहे.

नवग्रहांच्या समिधा

ग्रहशांतीसाठी लागणाऱ्या नऊ समिधांची नावे याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात आली आहेत. आजही महाराष्ट्रात नवग्रहशांती करताना हाच क्रम पाळला जातो. तो असा :

सूर्य – रुई (अर्क)
चंद्र – पळस (पलाश)
मंगळ – खैर (खदिर)
बुध – आघाडा (अपामार्ग)
गुरू – पिंपळ (अश्वत्थ)
शुक्र – उंबर (औदुंबर)
शनी – शमी
राहू – दूर्वा
केतू – दर्भ (कुश)

प्रत्येक ग्रहासाठी १०८ किंवा २८ आहुती द्याव्यात, असा निर्देश त्याच स्मृतीत आहे. ही यादी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आकाशातील तेजस्वी ग्रहांसाठी शास्त्रकारांनी चंदन, केशर अशा महागड्या वस्तू निवडल्या नाहीत. सूर्यासारख्या ग्रहराजाला उकिरड्यावर वाढणारी रुई दिली, बुधाला बांधावरचा आघाडा दिला, राहू आणि केतूला पायाखालचे गवत दिले. गरिबातल्या गरीब गृहस्थालाही ग्रहांची आराधना करता यावी, अशीच ही योजना आहे. भक्तीने अर्पण केलेले पान, फूल, फळ किंवा पाणी आपण स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच भावनेचा हा विस्तार होय.

समिधांचे औषधी गुण

या नऊही वनस्पतींना आयुर्वेदात स्थान आहे.

रुईची पाने तेल लावून, कोमट करून दुखऱ्या सांध्यावर बांधण्याची पद्धत ग्रामीण भागात जुनी आहे. पळस हे तर विदर्भाचे वैभव. फाल्गुनात पाने गळून गेलेला पळस केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो. त्याच्या फुलांचा रंग होळीला, पाने पत्रावळीला आणि बिया कृमींवरील औषधाला उपयोगी पडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पळसाच्या फांद्या दारात ठेवायच्या आणि मारबतीबरोबर रोगराईला गावाबाहेर घालवायचे, ही आपल्याकडील प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे.

खैराच्या गाभ्यापासून कात मिळतो. त्वचारोगांवरील द्रव्यांत खैर श्रेष्ठ असल्याचे चरकसंहितेत म्हटले असून, खदिरारिष्ट आणि खदिरादी वटी ही औषधे आजही वैद्य देतात. आघाडा जाळून त्याच्या राखेपासून क्षार काढतात. भगंदरावरील क्षारसूत्र या उपचारात दोऱ्यावर स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण २१ लेप दिले जातात. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० च्या दशकापासून या प्राचीन पद्धतीचा नव्याने अभ्यास झाला आणि आज ती देशभर वापरली जाते. मंगळागौरीच्या पत्रीत ज्या आघाड्याला आपण पूजेपुरते ओळखतो, त्याची ही योग्यता आहे.

पिंपळ आणि उंबर यांच्या साली पंचवल्कलात येतात. वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारिसपिंपळ या पाच सालींचा काढा जखमा धुण्यासाठी सांगितला आहे. दूर्वांचा रस नाकातून रक्त येणे, उष्णता वाढणे यांवर परंपरेने वापरला जातो. कुशाची मुळे तृणपंचमूळात असून लघवीच्या तक्रारींवर त्यांची योजना केली जाते.

राहिली शमी. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. वाळवंटात ती माणसाला शेंगा, गुरांना पाला आणि शेताला सावली देते. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावात राजाच्या माणसांनी हे वृक्ष तोडावयास घेतले, तेव्हा अमृतादेवी बिष्णोई या स्त्रीने झाडाला मिठी मारून प्राण दिले. तिच्यासह ३६३ स्त्रीपुरुषांनी बलिदान केल्याचे सांगितले जाते. शनीची पीडा टळावी म्हणून शमीची फांदी ओरबाडणाऱ्याने एकदा तरी हे स्मरण करावे. शनिदेव न्यायाचे दैवत मानले जातात. त्यांना प्रसन्न करण्यासाठी त्यांच्याच वृक्षावर अन्याय करणे कितपत उचित आहे?

सत्तावीस नक्षत्रे, सत्तावीस वृक्ष

ग्रहांप्रमाणेच प्रत्येक नक्षत्राला एक आराध्य वृक्ष मानला आहे. महाराष्ट्रात सामान्यतः प्रचलित असलेली यादी पुढीलप्रमाणे :

अश्विनी – काजरा (कुचला). भरणी – आवळा. कृत्तिका – उंबर. रोहिणी – जांभूळ. मृग – खैर. आर्द्रा – कृष्णागरू. पुनर्वसू – वेळू. पुष्य – पिंपळ. आश्लेषा – नागचाफा. मघा – वड. पूर्वा – पळस. उत्तरा – पायर. हस्त – जाई. चित्रा – बेल. स्वाती – अर्जुन. विशाखा – नागकेशर. अनुराधा – बकुळ. ज्येष्ठा – सावर. मूळ – राळ. पूर्वाषाढा – वेत. उत्तराषाढा – फणस. श्रवण – रुई. धनिष्ठा – शमी. शततारका – कदंब. पूर्वाभाद्रपदा – आंबा. उत्तराभाद्रपदा – कडुनिंब. रेवती – मोह.

निरनिराळ्या ग्रंथांत आणि पंचांगांत एकदोन नावांचा फरक आढळतो. त्याने संभ्रमित होऊ नये. यादी हे साधन आहे; वृक्षाशी नाते जोडणे हे साध्य आहे. कृष्णागरूचा वृक्ष ईशान्य भारतातील दमट जंगलांत वाढतो आणि अतितोडीमुळे तो आज दुर्मीळ झाला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथे तो रुजावा असा हट्ट धरण्यापेक्षा आर्द्रा नक्षत्राच्या व्यक्तीने येथील मातीत जगणारा कडुनिंब किंवा बेल लावून वाढविला, तर देवाला तेही मान्य होईल.

वाईट नक्षत्र कोणते?

याच यादीतून एक मोठा बोध घ्यावयाचा आहे. मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा या नक्षत्रांवर जन्मलेल्या बालकांविषयी समाजात अकारण भीती आहे. विशेषतः मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली तर तिच्या जन्माचा आनंद झाकोळला जातो. पुढे विवाह जुळविताना मुलीचे शिक्षण, तिचा स्वभाव, तिचे कर्तृत्व बाजूस राहते आणि पत्रिकेतील एक शब्द तिच्या आयुष्याच्या आड येतो. "हिच्यामुळे सासऱ्यास धोका" असे वाक्य ज्या मुलीच्या कानावर पडते, तिच्या मनावर काय घाव होत असेल, याचा विचार बोलणाऱ्याने केलेला नसतो.

आता शास्त्रकारांनी मूळ नक्षत्राला दिलेला वृक्ष पाहू. तो राळेचा वृक्ष, म्हणजे शाल. त्याच्या खोडातून पाझरणारी राळ धुपात घालून देवापुढे जाळतात आणि जखमेवरच्या मलमातही वापरतात. स्वतः जळून देवघर सुगंधित करणारा आणि दुसऱ्याची जखम भरून काढणारा वृक्ष ज्या नक्षत्राचा आहे, ते नक्षत्र अशुभ कसे? आश्लेषेला सुवासिक नागचाफा आहे. ज्येष्ठेला सावर आहे, जिच्या लाल फुलांतील मधावर ऐन पानगळीत पक्ष्यांचे पोषण होते आणि जिच्या कापसाची उशी निजणाऱ्याला विसावा देते. सत्तावीस नक्षत्रांना सत्तावीस वृक्ष दिले आणि त्यांत टाकाऊ एकही नाही.

भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची कथा येथे आठवते. तक्षशिलेस अध्ययन पूर्ण होत आले तेव्हा गुरूंनी त्यांना आज्ञा केली, की आसपासच्या प्रदेशात फिरून औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण. जीवक हिंडून रिकाम्या हाताने परतले व म्हणाले, "अशी एकही वनस्पती दिसली नाही." गुरूंनी ओळखले, की शिष्याचे शिक्षण पूर्ण झाले. चरकाचार्यांचेही मत हेच आहे, की योग्य युक्तीने व योग्य हेतूने वापरले असता जगात औषध नाही असे द्रव्य नाही. ज्या परंपरेला एकही झाड निरुपयोगी दिसले नाही, तिच्या नावाने एखाद्या निष्पाप लेकराला अपशकुनी ठरविणे हा त्या परंपरेचाच अवमान होय.

शिवाय ग्रहनक्षत्रांच्या यादीत नाव नाही म्हणून वनस्पतीची योग्यता कमी होत नाही. महाकवी कालिदासांच्या मेघदूतातील यक्षाने रामगिरीवर मेघाचे स्वागत कुड्याच्या ताज्या फुलांनी केले. हा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे प्रतिपादन नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. कुडा या दोन्ही याद्यांत नाही. तथापि त्याची साल अतिसारावरील प्रमुख औषधांत गणली जाते.

परदेशांतील विचार

वनस्पती आणि ग्रह यांची सांगड केवळ भारतातच घातली गेली असे नाही. इंग्लंडमध्ये निकोलस कल्पेपर (१६१६ ते १६५४) नावाचे औषधी जाणणारे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी १६४९ मध्ये लॅटिन भाषेतील औषधिग्रंथ इंग्रजीत आणला आणि त्यानंतर काही वर्षांतच वनस्पतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वनस्पतीवर एका ग्रहाचे स्वामित्व त्यांनी सांगितले. उदाहरणार्थ, अंगाला आग लावणारी खाजकोयरीसारखी पाने मंगळाची. मात्र लंडनमधील गोरगरिबांना स्वस्तात औषध मिळावे आणि त्यांना ते आपल्या भाषेत समजावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांचे ग्रहविचार आज वैद्यक मानत नाही. परंतु दीनांना औषध मिळावे, ही त्यांची इच्छा मात्र जुनी झालेली नाही.

आपल्याकडेही चंद्राला औषधिपती म्हटले आहे. रसरूप सोम होऊन आपण सर्व औषधींचे पोषण करतो, असे भगवंत गीतेच्या पंधराव्या अध्यायात सांगतात. वनस्पती कधी गोळा कराव्यात याविषयी चरकसंहितेत दिलेले नियम ऋतूंना धरून आहेत : मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पालवी वर्षा व वसंतात, साल, कंद व चीक शरदात घ्यावा. आकाशाकडे पाहून काळ ओळखणे आणि काळ ओळखून वनस्पतीकडे जाणे, हा या संबंधाचा मूळ अर्थ आहे.

दैव आणि युक्ती

आता मुख्य प्रश्न. ग्रहशांती केली, नक्षत्रवृक्षाची पूजा केली, तर औषधाची गरज उरते का?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, नियम, देवदर्शन हे दैवव्यपाश्रय. योग्य आहार व औषध हे युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकारक गोष्टींपासून मनाला आवरणे हा सत्त्वावजय. तिन्ही एकत्र सांगितले आहेत. पहिला करा व दुसरा सोडा, असे ग्रंथात कोठेही नाही. प्रार्थनेने मनाला धीर येतो, घरातील माणसे एकत्र येतात आणि कठीण काळ सोसण्याचे बळ मिळते. या फळाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पोटात गेलेले विष किंवा छातीत उठलेली कळ या गोष्टी मुहूर्ताची वाट पाहत नाहीत.

एखाद्या घरी कर्त्या पुरुषाचे डोळे पिवळे होतात, अन्न जात नाही. कोणी सांगते, गुरूची दशा आहे, आधी शांती करा. कोणी झाडपाल्याचा रस देते. आठ दिवस निघून जातात आणि मग रुग्णालयाची पायरी चढली जाते. बालकाचा ताप, गर्भवतीचा रक्तदाब, वृद्धाची मधुमेहाची गोळी या सर्वांबाबतीत हेच घडू शकते. जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर परंपरेने सांगितले आहे, म्हणून इन्शुलिन बंद करणे हा आत्मघात आहे. अर्जुनाची साल हृदयास हितकर मानली आहे, म्हणून छातीत दुखत असता काढा उकळत बसू नये. शांती नंतरही करता येते. गेलेली वेळ परत आणता येत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणा प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

वनस्पती निसर्गातील आहे म्हणून ती निरुपद्रवी असते, हा समजही सोडून द्यावा. ओळख पटलेले औषध अमृतासारखे आणि न ओळखता घेतलेले औषध विष, शस्त्र व अग्नीसारखे, असा इशारा चरकसंहितेने दिला आहे. अश्विनी नक्षत्राचा कुचला शुद्ध न करता खाल्ल्यास प्राणघातक ठरतो. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होते. शनिवारी मारुतीरायाला रुईची माळ करणाऱ्या माताभगिनींनी पाने खुडल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि ते काम लहान मुलांकडे देऊ नये. कुचला व रुई या दोहोंचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या ई-१ या अनुसूचीत आहे. वनस्पतींची नावे व रूपे रानातील गुराखी आणि वनवासीही जाणतात, परंतु त्यांची योजना जाणणारा तो वैद्य, असा भेद प्राचीनांनीच केला आहे. आपल्या नागपुरात सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत. वनौषधी घ्यावयाची असल्यास नोंदणीकृत वैद्यांना विचारून घ्यावी आणि चालू असलेल्या गोळ्यांची माहिती त्यांना आवर्जून द्यावी.

विदर्भाचे संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) यांनी रोग्याला औषधोपचार मिळवून देणे हाच देवधर्म मानला. नवस फेडण्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून एखाद्या गरीब रुग्णाचे औषध आणले गेले, तर तो नवस देवापर्यंत अधिक लवकर पोहोचतो, अशी श्रद्धा भाविकांनी अवश्य बाळगावी.

वृक्षाची पूजा कशी करावी?

आपल्या नक्षत्राच्या वृक्षाचे औषध त्या नक्षत्राच्या व्यक्तीनेच घ्यावे, असा परंपरेचा आग्रह नाही. आराध्य वृक्ष असतो तो लावण्यासाठी, जोपासण्यासाठी, नमस्कारासाठी. या दृष्टीने भाविकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

समिधांसाठी गळून पडलेल्या, वाळलेल्या काटक्या वापराव्यात; हिरवी फांदी तोडू नये. नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र अधिनियमाचे संरक्षण असून परवानगीशिवाय वृक्षतोड करता येत नाही. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या विकत आणून कुंडीत खोचण्याऐवजी उभ्या वडाला पाणी घालावे. दसऱ्याला आपट्याची झाडे ओरबाडू नयेत. सोने म्हणून एक पान पुरेसे आहे. पाराच्या बुंध्याशी कापूर, उदबत्त्या व दिवे लावू नयेत, कारण आचेने साल जळते आणि झाड आतून पोकळ होते. खोडाला खिळे ठोकू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या मुळांशी टाकू नयेत.

वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंती फोडतात; म्हणून ते घरालगत न लावता मैदानात किंवा मंदिराच्या मोकळ्या आवारात लावावेत. ज्यांचे अंगण लहान आहे त्यांनी कुंडीत दूर्वा, दर्भ किंवा जाई लावावी. बेल, आवळा व कडुनिंब येथील हवामानात चांगले वाढतात. रोप पावसाळ्याच्या आरंभी लावावे आणि पहिले दोन उन्हाळे त्याला नेमाने पाणी द्यावे. लावण्याचे छायाचित्र काढणारे पुष्कळ असतात. वैशाखात बादली घेऊन जाणारा खरा भक्त समजावा.

घरात मूल जन्मले की त्याच्या नक्षत्राचे झाड लावावे आणि ते झाड त्या मुलाच्या हातून वाढवावे. ज्या मुलीला लोक मूळ नक्षत्राची म्हणून हिणवतील, तिने स्वतः वाढविलेल्या झाडाच्या सावलीत पुढे त्याच लोकांनी विसावा घ्यावा, याहून अधिक चांगली नक्षत्रशांती ती कोणती?

सर्व भाविकांना ग्रहांची अनुकूलता, वृक्षांची छाया आणि वेळेवर योग्य उपचार लाभोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥